पेटीतलं जाकीट

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की भोरच्या बाजारपेठेत दुकानांच्या दारात लोकरीचे गुंडे लटकायला लागतात. लाल, राणी, पोपटी, मोरपिशी... नुसती नजर फिरवली तरी ऊब वाटते! एसटीत खिडकीशी बसलेली एखादी बाई पिशवीतून हळूच क्रोशाची सुई काढते आणि नसरापूर येईपर्यंत तिच्या चार ओळी विणून झालेल्या असतात. आपल्याकडे क्रोशा येत नाही अशी बाई तशी कमीच. आई, मावशी, नाहीतर शेजारच्या काकू, कुणाच्या तरी शेजारी बसून आपण तो शिकलेलो असतो.

माझं सासर भोरचं, माहेर वेल्ह्याकडचं. २०२५ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं, पण आमच्या घरी अजून 'वेल्ह्याला जाऊन येते' असंच तोंडात येतं. नसरापूर सोडलं, आंबवणे, मार्गासनी, विंझर मागे पडलं की तोरणा समोर उभा राहतो आणि अंगावर गारठा जाणवायला लागतो. तिथल्या एका वाडीत माझी आजी राहायची. नऊवारी, डोक्यावर पदर, पाठीत बरीच वाकलेली, पण दिवसभर हात चालू.

काही वर्षांपूर्वी मी हौसेनं तिच्यासाठी क्रोशाचं जाकीट विणलं. पुस्तकात बघून, '३६ इंच छाती' असं लिहिलेला नमुना घेऊन, एकेक टाका मोजून. रंग तिच्या आवडीचा, चॉकलेटी. आजीनं ते हातात घेतलं, गालाला लावलं, आल्या-गेल्या प्रत्येकीला दाखवलं. मी खूश!

पुढच्या थंडीत गेले, तर आजी अंगणात शेकोटीपाशी बसलेली आणि साडीवर आजोबांचा जुना शर्ट घातलेला. आपल्याकडे शेतात जाताना बायका घालतात तसा.

"आजी, जाकीट कुठंय?"

"हाय की पेटीत. जपून ठेवलंय."

मी हट्टानं ते बाहेर काढलं आणि तिला घालायला लावलं. एक हात बाहीत गेला, दुसरा मागे नेताना तिचा खांदा आखडला. बटणं कशीबशी लागली, पण त्यांच्यामधून लुगडं दिसत होतं. पाठीमागे जाकीट वर चढलेलं आणि कंबर उघडी. म्हणजे जिथं वारा लागतो नेमकं तिथंच काही नाही. माझा चेहरा पडलेला बघून आजी म्हणाली, "तुझं काय चुकलं नाही ग बाय. माझंच अंग वाकडं झालंय आता."

मैत्रिणींनो, ते वाक्य मला आजही टोचतं. कारण ते फक्त आजीचं नाही. तयार ब्लाऊज दंडात अडकला की आपण म्हणतो, 'माझे दंडच जाड.' कुर्ता छातीवर ताणला की म्हणतो, 'मीच सुटलेय.' कपडा चुकला असेल, असं आपल्या मनातही येत नाही. आजीचं अंग जसं होतं तसं होतं. नव्वदीकडे झुकलेल्या, जन्मभर भाताच्या खाचरात वाकलेल्या बाईचं अंग दुसरं कसं असणार? चूक जाकिटाची होती, आणि ते विणलं होतं मी.

टीव्हीला बसलं, माणसाला का नाही?

आठवून बघा, आपण क्रोशानं काय काय सजवलं. दाराला तोरण, टीव्हीवर रुमाल, फोनला झालर, पाण्याच्या तांब्यावर जाळीचं झाकण. सगळं अगदी मापात बसायचं. कारण टीव्ही श्वास घेत नाही, हात वर करत नाही, वाकून केर काढत नाही. वस्तूचं माप एकदा घेतलं की झालं. माणूस हलतो, आणि जाकिटाला त्याच्याबरोबर हलावं लागतं.

३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटातल्या बायकांनी मिळून क्रोशाचं जगातलं सर्वांत मोठं ब्लँकेट जोडलं. ११,१४८.५ चौरस मीटर! गिनीज बुकात त्याची नोंद झाली. वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या हातांच्या बायकांचं काम एकमेकींना जोडता आलं, कारण माप आधी ठरलेलं होतं आणि प्रत्येकीनं ते पाळलं. अंगावरच्या कपड्याचंही तसंच आहे. फरक एवढाच की इथं माप त्या-त्या अंगानं ठरवायचं.

आधी आपला हात ओळखा

जाकीट उसवायच्या आधी मी त्यावर टेप ठेवला आणि माझी पहिली चूक सापडली. पुस्तकात लिहिलं होतं, ४ इंचांत १६ खांब. म्हणजे इंचाला ४. तयार जाकीट ३८ इंचांचं व्हावं म्हणून त्यांनी १५२ खांब सांगितले होते. हिशेब बरोबर. पण माझा हात घट्ट! माझ्या विणीत ४ इंचांत १८ खांब बसले होते, म्हणजे इंचाला साडेचार. आता १५२ ला साडेचारनं भागा. उत्तर येतं जेमतेम ३४ इंच. टाके सगळे बरोबर मोजले आणि जाकीट ४ इंचांनी लहान झालं!

म्हणून कपडा सुरू करायच्या आधी ६ इंच लांब-रुंद एक तुकडा विणा. त्याच लोकरीचा, त्याच सुईनं. तो धुवा, वाळवा आणि मग मधल्या ४ इंचांतले खांब आणि ओळी मोजा. कडेला विण ओढली जाते, म्हणून मधलेच मोजायचे. सुती धाग्याचा कपडा असेल तर हा तुकडा रात्रभर चिमट्यानं दोरीवर टांगून ठेवा. सुती क्रोशा स्वतःच्या वजनानं खाली ओघळतो. आज कमरेपर्यंत असलेला टॉप चार वेळा घातल्यावर लांब होतो, तो यामुळेच.

खांब जास्त बसले तर एक नंबर मोठी सुई घ्या, कमी बसले तर लहान. ३.५ मिलिमीटरच्या जागी ४, किंवा ४ च्या जागी ४.५. एवढ्यानंही मोठा फरक पडतो. दोऱ्याच्या बारीक स्टीलच्या सुयांचे नंबर मात्र उलटे असतात, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आणि एक लक्षात ठेवा, तोरणासाठी आपण विण घट्ट ठेवतो, कारण ते ताठ दिसायला हवं. तीच सवय जाकिटात आली की जाकीट पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. अंगावर पडणाऱ्या कपड्यासाठी जरा मोठी सुई आणि सैल हात.

मोबाईलवर व्हिडिओ बघून विणणाऱ्या मुलींसाठी एक गोष्ट. अमेरिकेत ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात, त्यालाच इंग्लंडमध्ये 'डबल क्रोशे' म्हणतात. हा आपला मुका खांब. अमेरिकेचा 'डबल' म्हणजे इंग्लंडचा 'ट्रेबल', आणि तो आपला साधा खांब. नाव एकच आणि टाका वेगळा! नमुना कुठल्या देशातला आहे ते आधी बघितलं नाही, तर लांबीचा पार गोंधळ होतो. त्यापेक्षा आपली मराठी नावं बरी. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. त्यात घोळ नाही.

माप साडीवरून घ्या

माझी दुसरी चूक म्हणजे मी आजीचं माप घेतलंच नव्हतं. 'अंदाजे ३६' असं मनात धरलं होतं. या वेळी टेप घेऊन तिच्यापुढे बसले. ती लाजली. "आता म्हातारीचं काय माप घेतीस?" म्हणाली. आयुष्यात तिचं माप कुणी घेतलंच नव्हतं बहुधा. चोळीसुद्धा जुन्या चोळीवरून बेतलेली.

नुसत्या चोळीवरून छाती ३४ आली. पण आजी जाकीट कशावर घालणार? लुगड्यावर, पदरावर. म्हणून पदर घेऊन पुन्हा मोजलं, तर साडेछत्तीस. परदेशी नमुने शर्टावर घालायच्या हिशेबानं केलेले असतात, त्यांना पदर ठाऊक नाही! आपल्या डाव्या खांद्यावर पदराच्या घड्या असतात, समोर निऱ्यांचा फुगवटा असतो. साडीवरच्या जाकिटाचं माप नेहमी साडीवरूनच घ्या.

त्यात मोकळेपणा मिळवायचा. शिवणक्लासात याला 'लूजिंग' म्हणतात. अंगाबरोबर हवं तर २ इंच, आरामशीर हवं तर ३ ते ४. आजीचं साडेछत्तीस अधिक साडेतीन, म्हणजे ४० इंच. मोठी सुई घेतल्यावर माझा हात इंचाला बरोबर ४ खांबांवर आला. म्हणून १६० खांब. पाठीला ८०, पुढच्या दोन बाजूंना ४०-४०, आणि बटणपट्टी वेगळी.

वाकलेल्या पाठीसाठी

आता मुख्य गोष्ट. जाकीट मागून वर का चढत होतं? मानेच्या हाडापासून पाठीच्या वळणावरून कमरेपर्यंत टेप धरला, तर साडेसतरा इंच भरले. पुस्तकात पाठीची लांबी साडेपंधरा होती. बाक आला की पाठ लांब होते आणि पुढची बाजू आखूड. आजीच्या पाठीला २ इंच कमी पडत होते आणि पुढे इंचभर कापड गोळा होत होतं.

यावर उपाय म्हणजे अर्ध्या ओळी. माझ्या विणीत खांबाच्या २ ओळी म्हणजे एक इंच. म्हणून पाठीच्या वरच्या भागात, दोन खांद्यांच्या मधोमध, ४ जादा ओळी घातल्या. या ओळी पूर्ण रुंदीभर जात नाहीत. पहिली ओळ मधल्या एक तृतीयांश भागातच विणायची आणि वळायचं. पुढची प्रत्येक ओळ दोन्ही कडांना थोडी पुढे न्यायची. ओळ संपवताना खांब, मग अर्धा खांब, मग मुका खांब असं उतरत जायचं, म्हणजे पायरी दिसत नाही. शेवटी सगळ्यावरून एक पूर्ण ओळ विणली की मध्ये हलकासा खोलगट भाग तयार होतो. पाठ त्यात बसते. पुढच्या दोन्ही बाजूंच्या २ ओळी कमी केल्या. बस्स, एवढंच!

हीच युक्ती छातीसाठी. टॉप पुढून वर चढत असेल तर छातीच्या खाली पुढच्या भागात अशाच २ अर्ध्या ओळी घाला. ब्लाऊजला टक्स घालतो, तेच काम. आणि छाती ३६ म्हटली तरी दोघींची ३६ सारखी नसते. एकीची पुढे २० आणि मागे १६, दुसरीची दोन्हीकडे १८. दोन्ही बगलांपासून पुढचं आणि मागचं माप वेगवेगळं घ्या आणि खांब त्याप्रमाणे वाटा. मुली हल्ली हौसेनं क्रोशाचे टॉप घालतात, त्यांच्यासाठी हे फार उपयोगी पडतं.

मुंढा, बाही आणि बांगड्या

हात वर होत नाही म्हणून आपण मुंढा खोल करतो. इथंच फसतो. मुंढा फार खोल गेला की हात उचलताना सगळं जाकीट वर ओढलं जातं. मुंढा बेताचाच ठेवा आणि जागा बगलेत द्या. जुन्या सदऱ्याला बगलेत चौकोनी तुकडा लावलेला असायचा, आठवतंय? क्रोशात ते आणखी सोपं. वरून खाली विणताना पुढचा आणि मागचा भाग बगलेत जोडायच्या वेळी मध्ये ८ साखळ्या घालायच्या. दोन इंच मोकळे मिळतात.

आजीचा दंड ११ इंच, त्यात २ मिळवून १३. म्हणजे बाही वर ५२ खांबांची. मनगटाशी ९ इंच, म्हणजे ३६ खांब. कमी करायचे १६. एका ओळीत दोन्ही कडांना एक-एक कमी केला तर ८ वेळा. १५ इंच बाहीच्या ३० ओळी होतात, तेव्हा दर तिसऱ्या ओळीला कमी करायचं आणि उरलेल्या ६ ओळी सरळ विणायच्या. पुस्तक नसलं तरी असा हिशेब कुणालाही जमतो. किराण्याचा हिशेब यापेक्षा अवघड असतो!

मनगटाजवळ आणि गळ्याशी जाळीची नक्षी नको. बांगड्या त्यात अडकतात आणि मंगळसूत्रही. तिथं मुक्या खांबांची घट्ट पट्टी चांगली. भांडी-धुणं करणारीला बाही बांगड्यांच्या वरपर्यंतच ठेवा, म्हणजे सारखी वर सारावी लागत नाही. सांधे आखडलेल्या बोटांसाठी बटणं मोठी घ्या.

आणि शक्य असेल तर कपडा गळ्यापासून खाली विणत चला. मध्येच अंगावर घालून बघता येतो. पोरांच्या स्वेटरला तर हे वरदानच. पुढच्या वर्षी पोर वाढलं की खालून आणि बाहीला ४ ओळी वाढवायच्या. त्यासाठी एक गुंडा जपून ठेवा. लोकर घेताना सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्या, नाहीतर रंगात फरक दिसतो. क्रोशाला सुयांवरच्या विणकामापेक्षा लोकर जास्त लागते, म्हणून एखादा गुंडा जादाच बरा. ॲक्रिलिकच्या लोकरीवर गरम इस्त्री फिरवू नका. विण कायमची लोळागोळा होते.

हाताचं मोल

सुयांवरच्या विणकामाची मशिनं कधीच आली. क्रोशाची मशीनवर नुसती नक्कल होते, खरा क्रोशा अजून हातानंच होतो. म्हणजे मॉलमध्ये स्वस्तात लटकलेला क्रोशाचा टॉपही कुठल्या तरी बाईच्याच बोटांतून उतरलेला असतो. आंध्रातल्या नरसापूर भागात हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणत आल्या आहेत. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. माल परदेशी जात होता, पण या बायकांना 'घरी बसून फावल्या वेळात करतात' असं म्हणून अगदी तुटपुंजे पैसे मिळत होते, हे त्यांनी दाखवलं. २०२४ मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं.

हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडेही बचत गटातल्या कितीतरी जणी क्रोशाच्या ऑर्डरी घेतात आणि लोकरीच्या पैशांवर थोडेसे मिळवून देऊन टाकतात. बाजारातल्या मशीनच्या स्वेटरशी किमतीत आपण टिकणार नाही. पण कुणाच्या वाकलेल्या पाठीला, एका आखडलेल्या खांद्याला बसणारं जाकीट बाजारात कुठं मिळतं? ते आपण करू शकतो. मग माप घेण्याचे, तुकडा विणण्याचे, मध्येच घालून बघण्याचे तास धरा आणि तेवढे पैसे संकोच न करता मागा.

पुन्हा आजीकडे

क्रोशाचं एक बरं असतं. शिवलेलं कापड एकदा कापलं की संपलं, क्रोशा उसवला की लोकर पुन्हा आपली! आजीनं आणि मी मिळून जाकीट उसवलं. मी दोरा ओढत होते आणि आजी गुंडाळत होती. उसवलेली लोकर कुरळी होते, म्हणून खुर्चीच्या पाठीला लड घालून, चार जागी सैल बांधून, भिजवून वाळत टाकली. सरळ झाली. जाकीट मोठं करायचं तर लोकर कमी पडणार होती, म्हणून खालचा घेर आणि बटणपट्टी मोरपिशी केली. आजीला तो रंग जरा भडकच वाटला.

संक्रांतीच्या आधी जाकीट घेऊन गेले. तिनं उजवा हात घातला, मग डावा. यावेळी खांदा अडला नाही. पाठीवर हात फिरवून तिनं कंबर चाचपली, झाकलेली होती. काही बोलली नाही. उठून चुलीपाशी गेली, फडताळातला चहाचा डबा काढायला हात वर केला आणि चहा टाकला. संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्या अंगणात आल्या, तेव्हा मात्र एकीला म्हणाली, "नात माप घेती. तू पण दे."

नंतर दोन हिवाळे तिनं ते घातलं. कोपराला विरलं तिथं मी ठिगळासारखी दुसरी विण घातली. ती गेल्यावर पेटी उघडली तर जाकीट तिथं नव्हतं, दाराआडच्या खुंटीवर होतं.

त्या दिवसापासून मी मापांची एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर आजीची मापं आणि तारीख. मग आत्या, सासूबाई, जाऊबाई, शेजारणी, त्यांची नातवंडं. परवा वही चाळताना लक्षात आलं की एवढ्या पानांत माझं स्वतःचं माप कुठंच नाही. मुलीला हाक मारली, टेप तिच्या हातात दिला आणि साडीचा पदर नीट घेऊन उभी राहिले.

तुम्हीही आज उभ्या राहा. वही-पेन तेवढं जवळ असू द्या.